पाठीचा खोटा पत्ता

मी दुखणं. तो नाही, ती नाही, ते. मुक्काम आयदेच्या कमरेत, उजव्या अंगाला, स्कर्टच्या पट्ट्याच्या जरा वर.

हाच पत्ता मी आजवर सगळ्यांना दिला. हाडांच्या डॉक्टरांना, मालिश करणाऱ्याला, सुया टोचणाऱ्या चिनी बाईला, आयदेच्या नवऱ्याला. पत्ता खोटा आहे. राहायला मी वर, डोक्यात. तिथली खोली मी कशी मिळवली ते पुढे सांगतं. आधी भुवईचं प्रकरण, कारण माझे वाईट दिवस तिथून सुरू झाले.

भुवईचं प्रकरण

आमच्या विया लुरो वस्तीत लोक त्रुको खेळतात. ज्यांना खेळ माहीत नाही त्यांनी एवढंच धरून ठेवावं: चार माणसं, दोन-दोन भिडू समोरासमोर, प्रत्येकाला तीन पत्ते आणि हव्या तितक्या थापा. हातात काही नसलं तरी छाती काढून ‘त्रुको’ म्हणायचं. समोरचा घाबरून पत्ते टाकतो आणि गुण आपल्या खात्यात येतात. भिडूला चेहऱ्याने खुणा करायच्या, त्या नियमात बसतात. समोरच्या जोडीने पकडल्या तर आपलं नशीब. दोन्ही भुवया वर म्हणजे तलवारीचा एक्का, त्याच्यावर पत्ता नाही. ओठ चावला म्हणजे तिर्री. डोळे मिटले म्हणजे माझ्याकडे धूळ आहे, तुझं तू बघ.

आयदे आणि एल्वियो हे आधी भिडू झाले, मग नवरा-बायको. एल्वियोने बस चालवली, आयदेने बटणं-रिबिनींचं दुकान चालवलं, पण दोघांना विचारलं तर दोघंही सांगतील की खरं काम रविवारी दुपारी, लुसेरो क्लबच्या अंगणात, समोरासमोर बसून.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली स्पर्धा. समोर बेर्तोलोत्ती बहिणी, चोला आणि पिरुचा. डाव अगदी काठावर आलेला. आयदेच्या हातात पेल्याची चौकी, म्हणजे खेळातला सगळ्यात फालतू पत्ता. मला काय सुचलं कोण जाणे, मी एक कळ सोडली. कळ बरी होती, धारदार. आयदेच्या दोन्ही भुवया वर गेल्या.

एल्वियोने पाहिलं. तलवारीचा एक्का. तो चढत गेला, चढत गेला, आणि ‘वाले कुआत्रो’ म्हणाला. चार गुणांची बोली, त्याच्यावर बोली नाही. पत्ते उघडले आणि डाव गेला.

घरी जाताना दोघं फुटपाथवरून चालत होते. ती जरा वाकडी, तो जरा पुढे.

“भुवया का उचलल्यास?”

“कळ आली.”

“कळ आली तर ओठ चावायचा.”

“ओठ चावला म्हणजे तिर्री.”

“मग डोळे मिटायचे.”

“डोळे मिटले तर तू पत्ते टाकशील. आणि माझ्या हातात एक्का असला तर?”

एल्वियो थांबला. बराच वेळ विचार करून म्हणाला, “म्हातारे, तुझ्या कळेसाठी खूणच शिल्लक नाही.”

“मग मी काय करू, जाड्या?”

“खुर्चीत बस. सरळ, पूर्ण डाव, न उठता, न कण्हता. पुढच्या मे महिन्यात बसलीस तर तू. नाहीतर मी तितिनाला विचारतो.”

तितिना म्हणजे बेकरीवाल्याची विधवा. तिची पाठ बांबूसारखी. आयदेने कमरेवर हात दाबून पुढची वाट धरली. मी मात्र खूश होतं. पुढच्या मे महिन्यापर्यंत खुर्चीत तिला कोण बसू देतंय, म्हटलं.

मी कसं आलं

कबूल करतं की मी खरंखुरं आलं होतं. सोडावाला बाटल्यांचा खोका दारात ठेवून गेला होता. काही वर्षांपूर्वीचा उन्हाळा, एल्वियो ड्युटीवर. आयदेने तो एकटीने उचलला. कमरेतला एक स्नायू फाटला आणि मी आलं. तेव्हा मी सभ्य होतं. माझं काम एवढंच: ‘हलू नकोस, आत शिवणकाम चाललंय.’

कार्निव्हलपर्यंत शिवणकाम संपलं. स्नायू जुळला. नियमाप्रमाणे मी निघायला हवं होतं. पण तोवर वरच्या मजल्यावर माझी भीतीशी ओळख झाली होती. भीती आमची जुनी शेजारीण, खिडकीत बसलेली, झोप नाही, काम नाही. आयदे वाकायला गेली की ती मला कोपराने ढोसायची.

“ए, वाकतेय बघ. वाजव.”

“अगं, आता काही फाटलेलं नाही.”

“तुला काय माहीत? वाजव.”

मी वाजवायचं. आयदे दचकायची, अंग आखडायची. अंग आखडलं की खरंच थोडं दुखायचं. मग भीती म्हणायची, “बघ, मी सांगितलं नव्हतं?” असं करत करत वाट मळली. नंतर तर ढोसायचीही गरज राहिली नाही. खुर्ची दिसली की मी हजर. काही वेळा खुर्चीचा नुसता विषय निघाला तरी.

पाठीचा जबाब

मी बरी आहे. केव्हापासूनच बरी आहे. मला कोणी विचारत नाही.

आईचा आरोप

आमच्या शहरात लोक न्हाव्याकडे जावं तसे मानसतज्ज्ञाकडे जातात. आयदेचाही एक होता, म्हातारा, दाढीवाला. त्याच्याकडे पडून बोलायचं असे. मला ते फार आवडे. कोच मऊ होता आणि मला कोणी काही विचारत नसे. सारी चौकशी आयदेच्या आईची. शेवटी त्याने निकाल दिला की हे दुखणं म्हणजे तुमची आई.

मला राग आला. मी पुष्कळ काही असेन, पण मी कोणाची आई नाही.

भुवईच्या प्रकरणानंतर आयदे पुन्हा हाडांच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी फोटो उजेडात धरला. “बाई, तुमच्या वयाच्या कुणाचाही मणका असाच दिसतो. ज्यांना दुखत नाही त्यांचाही. पाठीला काही झालेलं नाही. तुम्ही आयेलेन किरोगांना भेटा. त्या मानसतज्ज्ञ आहेत, पण फक्त दुखण्यांचं बघतात.”

आयदेने पर्स उचलली. “म्हणजे माझ्या डोक्यात बिघाड आहे.”

“तसं नाही म्हटलं मी.”

“दाराकडे बघत म्हणालात.”

गेली तरी. तितिनाने त्याच आठवड्यात बेकरीत एल्वियोला विचारलं होतं, की स्पर्धेला उशी आपली आणायची की क्लब देतो.

आयेलेन

वयाने आयदेच्या भाचीएवढी. केस वर बांधलेले, पायात कापडी बूट. खोलीत कोच नाही. दोन लाकडी खुर्च्या, आणि त्यांतली एक दुसरीपेक्षा वाईट. आयदेने वाईट खुर्चीकडे पाहिलं आणि मी वाजवायला सुरुवात केली.

“उभं राहिलं तर चालेल?”

“चालेल की. तुम्हाला कधी दुखत नाही, आयदेबाई?”

“सतत दुखतं.”

“झोपेतही?”

“झोपेत मला काय कळणार, पोरी.”

“आणि मॅच बघताना?”

आपल्या देशाची मॅच तिने शेजाऱ्यांकडे, टीव्हीसमोर, पाठ नसलेल्या स्टुलावर बसून पाहिली होती. जादा वेळ धरून.

“पेनल्टी चालू असताना पाठीकडे कोण बघतं?” ती शेवटी म्हणाली.

“तेच म्हणते मी. स्टूल होतं, पाठ होती, आणि दुखणं नव्हतं. कुठे गेलं होतं?”

कुठेही गेलं नव्हतं. मीही मॅच बघत होतं.

आयदेचा चेहरा लाल झाला. “म्हणजे मी ढोंग करते, असं म्हणायचंय तुला.”

“नाही. दुखणं खरं आहे. तुम्हाला दुखतं तेव्हा दुखतंच. तुमची पाठ मोडली आहे ही बातमी खोटी आहे.”

“बातमी देतं कोण?”

“मेंदू. तोही लबाडीने देत नाही बिचारा. एकदा घरात खरी आग लागली होती, तेव्हापासून तो टोस्ट भाजला तरी घंटा वाजवतो. आपण त्याला पुन्हा शिकवायचं, टोस्ट कुठला आणि आग कुठली.”

आयदे विचारात पडली. मग चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“म्हणजे हातात काही नसताना ओरडतो.”

“तसंही म्हणता येईल.”

आयदे हसली. ते हसू मी ओळखतं. समोरच्याच्या थापेचा वास आला की ती तशी हसते, डावीकडचा सोन्याचा दात दिसेपर्यंत. इतकी वर्षं तिने मला शिव्या दिल्या, माझ्यावर औषधं ओतली, माझ्यासाठी मेणबत्त्या लावल्या. पण मी त्रुको खेळतं हे तिच्या लक्षात आलं नव्हतं.

“भीते,” मी हळूच म्हटलं, “हिला कळलं.”

“कळू दे. तू वाजव.”

मांजर

मग आयेलेनने तिला वाईट खुर्चीत बसवलं आणि डोळे मिटायला सांगितलं.

“आता त्याच्याकडे बघा. गच्चीवर मांजर आलं तर बघतो तसं. हाकलायचं नाही, कुरवाळायचंही नाही. केवढं आहे? कडा आहेत का? गरम आहे, घट्ट आहे, सरकतंय?”

“घट्ट आहे. वळलेल्या फडक्यासारखं.”

“धोक्याचं आहे?”

“…नाही. नुसतं घट्ट आहे.”

“सरकतंय?”

“थोडं डावीकडे गेलं. हे काय? पोरी, हे डावीकडे गेलं. स्नायू तर उजवीकडचा फाटला होता.”

मी लाजलं. लोक मला घाबरून बघतात, ते मला मानवतं. रागाने बघितलं तरी चालतं. ही मजेने बघत होती, जत्रेतल्या जादूगाराची बाही बघावी तशी. त्या नादात मी पत्ता चुकलं आणि भलत्या बाजूला जाऊन उभं राहिलं.

शब्द

त्याच दिवशी, निघता निघता, तो घोटाळा झाला.

आयेलेन म्हणाली, “घरी हेच करा. दुखणं आलं की त्याला नको, जा, असं म्हणू नका. नको म्हटलं की मेंदूला वाटतं, खरंच काही भयंकर आलंय. येऊ द्या. स्वीकारा.”

“म्हणजे किएरो म्हणू?”

आता हा शब्द. आमच्याकडे किएरो म्हणजे ‘हवंय’. पोराला आइस्क्रीम हवं, किएरो. पुरुषाला बाई हवी, ‘तुझ्यावर जीव आहे’ म्हणायचंय, तिथेही तोच. पण त्रुकोच्या टेबलावर तो एकदम वेगळ्या जातीचा होतो. समोरचा ‘त्रुको’ म्हणतो, तुम्ही ‘किएरो’ म्हणता, आणि त्याचा अर्थ: आहे तयारी, काढ तुझे पत्ते, बघू दे काय आहे ते. एकदा तोंडातून गेला की परत घेता येत नाही.

आयेलेनच्या घरी बुद्धिबळ खेळायचे. तिचे डोळे पाणावले. “हो,” ती म्हणाली, “इतकं सुंदर मला सुचलं नसतं. तसंच म्हणा. अगदी मनापासून. किएरो.”

“मनापासूनच म्हणेन,” आयदे म्हणाली, आणि पुन्हा तो सोन्याचा दात दिसला.

स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर मी

तिने दुसऱ्याच दिवशी सुरुवात केली. हातात माते नावाच्या आमच्या कडू चहाचा पेला, खाली स्वयंपाकघरातली खुर्ची. मी आपलं नेहमीचं काढलं: उजव्या अंगाला, सुरी खुपसल्यासारखी, थेट आरपार, अशी की

“किएरो.”

खुपसल्यासारखी, म्हणजे अगदी सुरी नव्हे, चमचा म्हणा, पण जोरात, हाडापर्यंत

“किएरो. काढ, बघू दे.”

चमच्याची मागची बाजू

“एवढंच?”

मी वर पळालं. “भीते, ती पत्ते उघड म्हणतेय.”

“मग उघड.”

“माझ्या हातात काय आहे?”

“चौकी असेल.”

“चौकीही नाही गं.”

तिकडे एल्वियो अंघोळ करत होता. त्याने आतून विचारलं, “कोणाला म्हणतेयस?”

“तुला नाही.”

पाणी बंद झालं. थोड्या वेळाने टॉवेल गुंडाळून तो दारात आला. बायको खुर्चीत एकटी, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर लाडिक हसू, आणि हळूच म्हणतेय, किएरो. त्याने दार आवाज न करता लावून घेतलं. रविवारी क्लबात तो चोलाला म्हणाला की म्हातारीचं काहीतरी बिनसलंय. चोला म्हणाली, “फोन तपास.”

मी जिंकलं तो दिवस

असं समजू नका की मी लगेच गेलं. दमट हवेचा एक आठवडा आला, त्यात एल्वियोने गंमत म्हणून तितिनाला सरावाला बसवलं. भीती खिडकीत उभीच राहिली. मी असं वाजवलं की आयदे गरम पाण्याची पिशवी घेऊन पालथी पडली आणि जेवायलाही उठली नाही.

मग आयेलेनकडे जाऊन रडली. “म्हटलं किएरो. पुन्हा पुन्हा म्हटलं. तरी दुखलं.”

“कसं म्हटलंत?”

“कसं म्हणजे? दात ओठ खाऊन.”

“त्याला हरवायला म्हटलंत.”

“मग आणखी कशाला म्हणतात?”

“बघायला. काय आहे ते बघायला.”

आयदेने नाक पुसलं. “पोरी, त्रुकोत नुसतं बघायला कोणी किएरो म्हणत नाही. गुण लागलेले असतात.”

“त्रुकोत?”

मग सगळा उलगडा झाला. आयेलेन आधी गोंधळली, मग कपाळाला हात लावला, मग इतकी हसली की शेजारच्या खोलीतून कोणीतरी भिंत ठोकली. “मला वाटलं तुम्ही त्याला प्रेमाने ‘हवंस’ म्हणताय. मी हे माझ्या आईलाही सांगितलं.”

“दुखण्याला प्रेमाने कोण म्हणेल? खुळी आहेस का तू?”

“मला खेळ शिकवा,” आयेलेन म्हणाली. “मी काय सांगून बसलेय ते मला तरी कळू दे.”

तो पूर्ण तास दोघी पत्ते खेळल्या. आयेलेनला थाप मारता येत नव्हती, कान लाल व्हायचे. पण एका हाताला तिने आयदेला विचारलं, “समोरचा थाप मारतोय हे तुम्हाला कसं कळतं? तुम्ही रागावलेल्या असताना कळतं?”

“छे. रागावले की हरते. सैल बसावं लागतं. पत्त्याकडे नाही, माणसाकडे बघावं लागतं.”

“मग तसंच म्हणा ना किएरो. सैल बसून.”

आयदे पत्ते पिसत राहिली. मी मात्र बोललं असतं. वाईट खुर्चीत ती तासभर बसली होती, आणि ते तिच्याआधी माझ्या लक्षात आलं.

मे महिना

रविवार, दुपार, घरोघरी शेवया खाऊन झालेल्या. लुसेरो क्लबच्या अंगणात टेबलं लावली होती. गुण मोजायला बशीत काबुली चणे. समोर पुन्हा बेर्तोलोत्ती बहिणी. कडेच्या खुर्चीवर तितिना, स्वतःची उशी घेऊन, मांडीवर विणकाम. म्हणाली, “मी नुसतीच आलेय.”

“उशी घेऊन?” आयदेने विचारलं.

“उशीला बाहेरची हवा लागावी म्हणून.”

आयदे खुर्चीत बसली. एल्वियो समोर. तिच्या चेहऱ्यापेक्षा त्याचं लक्ष तिच्या खांद्यांवर जास्त. ते त्यालाही ठाऊक होतं आणि तिलाही: ती उठली की तितिना बसणार, आणि एकदा बसली की पुढच्या वर्षीही तीच.

पहिला अर्धा डाव मी काही केलं नाही. खरं सांगायचं तर करून पाहिलं. दोनदा वाजवलं. ती मनातल्या मनात किएरो म्हणायची, सैल, जांभई द्यावी तसं, आणि मी हातात रिकामे पत्ते घेऊन उभं. भीती खिडकीत पेंगत होती. मी ठरवलं, शेवटी एकच मारायची. माझी सगळ्यात मोठी.

वेळ आली. दोन्ही जोड्या संपायला आलेल्या, चार गुणांत डाव बदलणार. चोलाने त्रुको म्हटलं होतं, एल्वियो वर चढला होता, चोलाने तेही घेतलं होतं. पहिला हात एल्वियोने तिर्रीवर मारला, दुसरा चोलाने. आता शेवटचा, प्रत्येकाकडे एकेक पत्ता. एल्वियोने आयदेकडे बघून डोळे मिटले. धूळ. आयदेच्या हातात छक्की, म्हणजे धूळच, जरा चाळलेली.

चोला मागे रेलली. आवाज लावून म्हणाली, “वाले कुआत्रो.”

एल्वियोने पत्ता टाकायला हात पुढे केला.

आणि मी सगळं काढलं. सोड्याच्या बाटल्यांचा खोका, तो उन्हाळा, ती आरपार, गुडघ्यापर्यंत उतरणारी, हाडांच्या डॉक्टरांनी कधी पाहिली नसेल अशी, श्वास अडकवणारी, उठ, उठ, आत्ता उठ नाहीतर

“किएरो,” आयदे म्हणाली.

मोठ्याने. स्वच्छ. अंगणभर.

एल्वियोचा हात हवेतच राहिला. पिरुचाने विचारलं, “काय म्हणाली ही?”

आयदेने डोळे उघडले. आपण काय केलं ते तिच्या लक्षात आलं. “तुला नाही म्हटलं, चोला. पाठीला म्हटलं.”

“कोणाला?”

“पाठीला. कळ आली म्हणून. माझ्या उपचाराचा शब्द आहे तो.”

तितिनाने विणकाम खाली ठेवलं. शेजारच्या टेबलावरचेही वळले. त्रुकोत तोंडून गेलेला शब्द परत येत नाही; पण पाठीला म्हटलेला शब्द टेबलाला लागू होतो का, हे लुसेरो क्लबात कधी कोणी ठरवलेलं नव्हतं.

मी मधेच म्हणायला गेलं की माझी कळ अजून

पण कोणी

चोला गोड हसली. “जाऊ दे गं, आयदे. पाठीला म्हटलंस तर पाठीला. आम्ही धरणार नाही. बिचारीचं दुखतंय. टाका पत्ते, आम्ही कमीतले गुण घेतो, चल पुढे.”

एल्वियोने हात मागे घेतला. चोलाकडे पाहिलं. लहानपणापासून तो तिला ओळखत होता. या बाईने बहिणीच्या लग्नात बहिणीला केक कापू दिला नव्हता. स्वतःच्या आईशी खेळताना पडलेला चणासुद्धा मोजून घेतला होता. ती आज सोडून देत होती.

“नाही,” तो म्हणाला. “शब्द तो शब्द. म्हातारी म्हणाली किएरो. खेळ, चोला.”

“अरे पण ती पाठीला—”

“पाठ आमच्याच जोडीत आहे. खेळ.”

मी, उजव्या अंगाला, परत एकदा, सुरी

चोलाने पत्ता टाकला. मोहरेची पंजी.

अंगणात कोणीतरी शिट्टी मारली. पंजीवर वाले कुआत्रो. एल्वियोने आपली चौकी मान खाली घालून ठेवली. पिरुचाने बहिणीकडे खाऊ की गिळू बघत तिची चौकी ठेवली.

सुरी म्हणजे चमचा, म्हणजे अहो, इकडे कोणी

आयदेने छक्की ठेवली, पंजीच्या एकच पायरी वर.

क्षणभर चौघंही त्या चार पत्त्यांकडे बघत राहिले. इतका भिकार हात कोणी इतक्या चढ्या बोलीवर खेळला नव्हता. मग एल्वियो टेबलावर मूठ आपटून हसायला लागला, पिरुचा चोलाला “थापाडे, सोडून देतेस होय” म्हणून टोचू लागली, चोला उठता उठता टेबलाला अडखळली, आणि बशी उलटली. चणे अंगणभर.

“थांबा, कोणी तुडवू नका,” आयदे म्हणाली. “कोणाचे किती ते मला पाठ आहे.” आणि खुर्चीतून घसरून, गुडघे टेकून, ती टेबलाखाली शिरली.

मी तिथे असायला हवं होतं. वाकणं हा माझा मुख्य धंदा. पण मी त्या पत्त्यांकडे बघत राहिलं होतं. खरं सांगतं, मलाही छक्कीची अपेक्षा नव्हती. धावत पोचलं तेव्हा ती हातपाय टेकून चणे वेचत होती. भीतीला हाक मारली. ती म्हणाली, “काय झालं? कोण जिंकलं?”

वर एल्वियोचं हसू थांबलं. त्याला आता दिसलं होतं. तितिनालाही दिसलं; तिने उशी मांडीवरून काढून बाजूला ठेवली. एल्वियो टेबलाची कडा धरून वाकला, पण पार खाली बघायचा धीर झाला नाही.

“म्हातारे,” तो हळूच म्हणाला, “पाठ?”

“काय?”

“पाठ. दुखतेय का?”

टेबलाखाली ती शोधत होती. चष्मा शोधावा तसं, हाताने चाचपत, इकडे नाही, तिकडे नाही. मी होतं. उजव्या अंगाला नव्हे, मधेच कुठेतरी, वळलेल्या फडक्याएवढं. मी हात वर केला.

“हो, आहे थोडं,” ती म्हणाली. “पाय उचल, जाड्या. तुझ्या खुर्चीखाली अजून दोन आहेत.”